काचेवरचं कुंकू

देवाला कामाला लावू नये, एवढं एक साधं तत्त्व कौशल्याबाईंनी जन्मभर पाळलं होतं. देवाकडे मागावं. त्यानं दिलं तर नारळ फोडावा, नाही दिलं तर आपलंच कुठे चुकलं असेल असं समजून एक उपास वाढवावा. पण त्याला नळाच्या पाण्यासारखं घरात ओढून घ्यावं आणि त्याच्या हातून मिक्सर फिरवून घ्यावा, हा विचार त्यांच्या माहेरी किंवा सासरी आजवर कुणाच्या डोक्यात आला नव्हता. तो आला त्यांच्या यजमानांच्या, शालिकरामजींच्या डोक्यात, आणि तोही हॉस्पिटलच्या खाटेवर सलाईन चालू असताना. त्यामुळे त्याला नाही म्हणायची सोय उरली नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात शालिकरामजी भिलाईतल्या नेहरू नगरच्या बाजारातून टरबूज घेऊन भर दुपारी घरी येत होते, आणि वाटेत उन्हाची लू लागून पडले. टरबूज शाबूत राहिलं. हा गृहस्थ उभी नोकरी पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीपुढे करून निवृत्त झालेला. समोरून वितळलेलं लोखंड वाहत असताना डबा उघडून वांग्याची भाजी खाल्लेला माणूस. त्याला बाजारातल्या उन्हानं पाडावं, आणि पडल्यावर एका रसवाल्यानं 'अंकल से गर्मी सहन नहीं होती' असं चार लोकांत म्हणावं, हे त्यांना लूपेक्षा जास्त लागलं. डॉक्टर म्हणाले, ऊन आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही, दरवर्षी चढतंच आहे, घरात गारवा ठेवा, पुन्हा असं झालं तर मग मी काही सांगू शकणार नाही.

डॉक्टर काय सांगू शकणार नाहीत, ते कौशल्याबाईंना न सांगता कळलं. त्या तशाच व्हरांड्यात गेल्या. खिडकीतून ऊन येत होतं, त्याच्यापुढे हात जोडले आणि व्रत बोलल्या. रोज उगवत्या सूर्याला अर्घ्य, त्याचं तोंड दिसल्याशिवाय तोंडात अन्न नाही, आणि हे जन्मभर. 'यांचं आयुष्य तुझ्याकडे ठेवून राहिली आहे, सांभाळ.' ज्यानं पाडलं त्यालाच सांभाळायला सांगणं तुम्हाआम्हाला विचित्र वाटेल, पण कौशल्याबाईंना त्यात वावगं काही दिसलं नाही. हात ज्याचा मोठा, त्याच्याच पाया पडायचं असतं.

त्याच वेळी आत खाटेवर शालिकरामजी डोळे उघडून म्हणाले, "ज्या उन्हानं मले पाडलं ना, त्याच उन्हानं मी घर थंड करीन. सोलर लावतो मी. एसी चालवतो."

म्हणजे नवराबायकोंनी एकाच घटकेला एकाच दारात दोन अर्ज टाकले. एकात विनंती होती आणि दुसऱ्यात धमकी. पुढे जे काही घडलं ते सगळं या धमकीच्या अर्जामुळे घडतं आहे, अशी कौशल्याबाईंची खात्री होती. पण त्यांचा आवाज मुळातच इतका हळू, की दूधवाल्यालाही 'अर्धा लिटर' दोनदा विचारावं लागे. त्यांनी काळजी बोलून दाखवली तरी ती ऐकू गेली असती की नाही, शंकाच आहे.

सल्ले मात्र मोठ्या आवाजात यायला लागले. शेजारच्या पंचफुलाबाई भिंतीवरून वाकून म्हणाल्या, "बाई, तुमच्या घरी सोलरच्या काचा लावून राहिले म्हने. माह्या भाच्यानं बोरसीच्या घरी लावल्या."

"मग?"

"मग काही नाही. चांगल्या चालून राहिल्या. पन तेच्या सासऱ्याले त्याच वर्षी लकवा मारला."

"काचांमुळे?"

"असं कोनी म्हनत नाही बाप्पा. मी फक्त सांगून राहिली."

पंचफुलाबाईंची ही पद्धतच होती. त्या कुणालाही घाबरवत नसत. फक्त सांगत. वीज काचेवर पडते, हेही त्यांनी फक्त सांगितलं. माकडं येतात, हेही. आणि एका घरी वादळात काच उडून विहिरीत पडली तेव्हापासून त्या घरच्या सुनेला कसं होतं, हे सांगायला त्या निघाल्या होत्या, पण त्यांच्या कुकरची शिट्टी झाली. त्या सुनेला कसं होतं हे कौशल्याबाईंना कधीच कळलं नाही, आणि न कळल्यामुळे त्या जास्त घाबरल्या.

दुसरा सल्ला श्यामरावांचा. श्यामराव भिलाई-३ या वस्तीत राहत, रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. रोज सकाळी स्कूटर घेऊन शालिकरामजींकडे चहाला येत आणि चहा झाल्यावर दुसऱ्या चहापर्यंत बसत. देवधर्म ते मानत नसत आणि तसं स्पष्ट सांगत. "वहिनी, माही उमर कोळशाच्या मालगाडीमागं गेली. कोळसा म्हंजे काय हाय? जुनं झाडच ना. अन् झाड कशावर वाढलं? उन्हावर. म्हंजे इतके दिवस आपन बासी सूर्य जाळून राहिलो होतो. त्याच्या धुरानं तर हे ऊन असं चढलं. आता ताजा घेऊ."

श्यामरावांना वाटलं, वहिनींचं समाधान झालं. कौशल्याबाई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकल्या. म्हणजे हे आजचं नाही. बासी सूर्य जाळण्याचं पाप आधीपासून चालूच आहे, आणि चढलेलं ऊन हा त्याचा राग आहे. त्या रागात यांचा नंबर लागता लागता राहिला.

सरकारी काम सुरू झालं. वीज कार्यालयात गेल्यावर असं निघालं, की घराचं मीटर शालिकरामजींच्या वडिलांच्या, धोंडबांच्या नावावर आहे. खिडकीतला बाबू म्हणाला, "तो धोंडबा जी को ले आइए."

"वे नहीं रहे. जमाना हो गया."

"जमाना हो गया?" बाबूनं चष्मा काढला. "तो इतने साल बिजली कौन जला रहा था?"

शालिकरामजींना एकदम आपण चोरी करताना सापडल्यासारखं वाटलं. त्यांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा कौशल्याबाईंच्या हातातली कणीक तशीच राहिली. मामंजी विजेला फार भीत. बटण दाबायचं झालं तर ते छडीच्या टोकानं दाबत. अशा माणसाच्या नावावर एवढी वर्षं वीज जळत राहिली, आणि आता सोलर आल्यावर ती उलटी वाहणार, म्हणजे घरातून बाहेर तारेत जाणार. उलटी वाहणारी कोणतीही गोष्ट कौशल्याबाईंना बरी वाटत नसे. प्रदक्षिणा उलटी घालत नाहीत, जातं उलटं फिरवत नाहीत. मीटर का फिरवायचं?

पण नाव बदलण्याचा अर्ज एका टेबलावर गेला, सोलरचा दुसऱ्या टेबलावर, आणि दोन्ही टेबलं एकमेकांची वाट पाहत बसली, तोवर कंपनीचा माणूस काचा घेऊन दारात आलासुद्धा. त्याचं नाव भूपेंद्र. हसरा, कामाला वाघ, आणि काम करताना सतत गुणगुणणारा. त्यानं छतावर लोखंडी सांगाडा उभा केला, त्यावर निळ्याकाळ्या काचा बसवल्या. जिथे कौशल्याबाई पापड घालत ती जागा गेली. जिथे उभं राहून त्या अर्घ्य देत, त्या पूर्वेच्या कोपऱ्यात सांगाडा आणि कठडा यांच्यामध्ये एक फट तेवढी उरली. तिच्यात सरळ उभं राहता येईना. रोज सकाळी त्यांना देवापुढे आडवं उभं राहून, मान वळवून पाणी सोडावं लागे. यजमानानं जिन्यात तिरपं उभं राहून पाहुण्याला या म्हणावं, तसं ते त्यांना वाटे.

खाली जिन्याच्या भिंतीला एक पांढरी पेटी लागली. काचांवरचं ऊन तिच्यात येऊन घरातल्या विजेसारखं होतं म्हणे. तिला दोन बटणं. एक वरून काचांकडून येणारं, दुसरं बाहेरच्या तारेला जोडणारं. भूपेंद्रनं ताकीद दिली, "अंकल, जब तक नया मीटर नहीं लगता, चालू नहीं करना. और हाँ, लाइन गई तो ये भी बंद रहेगा."

"म्हंजे लाइन गेली तर एसी बंद?" शालिकरामजींनी मराठीतच विचारलं.

"हाँ अंकल."

"मग ऊन असून काय फायदा?"

भूपेंद्र नुसता हसला.

पण ताकीद शालिकरामजींनी मनावर घेतली. त्यांनी ट्रंकेतून प्लांटच्या काळातला एक लाल टॅग काढला, त्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि पेटीच्या बटणांना बांधला. प्लांटमधला हा रिवाज आहे. यंत्रावर कुणी काम करत असेल तर तो आपल्या नावाचा लाल टॅग बटणाला अडकवतो. मग काम पुरं होईपर्यंत त्या बटणाला साहेबसुद्धा हात लावत नाही, आणि काम झाल्यावर टॅग ज्याचा त्यानंच काढायचा. त्या तुकड्यावर आत उभ्या असलेल्या माणसाचा जीव असतो. शालिकरामजींनी नोकरीत एकदाही मुदतीआधी टॅग काढला नव्हता, याचा त्यांना दोन मुलींच्या लग्नांपेक्षा जास्त अभिमान होता. कौशल्याबाईंचं जसं व्रत, तसा हा त्यांचा टॅग.

अशात रथसप्तमी आली.

रथसप्तमीला सूर्यासाठी गोवऱ्या पेटवून मातीच्या बोळक्यात दूध तापवायचं आणि ते पूर्वेकडे उतू जाऊ द्यायचं, ही रीत. अंगणात पंचफुलाबाईंच्या नव्या मजल्याची सावली पडते म्हणून कौशल्याबाईंनी हा घाट छतावर घातला. शेगडी पेटवली, आणि दूध तापेपर्यंत त्यांच्या मनात आलं, की या नव्या काचांना आपण अजून कुंकू लावलं नाही. त्यांच्या घरात कुंकवाशिवाय एकही यंत्र सुरू झालेलं नव्हतं. फ्रिजला लावलं होतं, स्कूटरला लावलं होतं, ब्लडप्रेशर मोजायच्या पट्ट्यालाही एक टिकली लावली होती, आणि त्या दिवशी प्रेशर नॉर्मल आलं होतं. मग ज्या काचांमध्ये प्रत्यक्ष नारायण उतरणार, त्या कोऱ्या कपाळाच्या ठेवायच्या? निदान आज, त्याच्या दिवशी, त्याला कामावर घेण्याआधी त्याचा मान तरी करावा.

कोरडं कुंकू काचेवर ठरेना. त्यांनी तेलात कालवलं आणि एकेका काचेवर तळहाताएवढा सूर्य काढला, किरणांसकट. सगळ्या काचा झाल्यावर त्या थोड्या लांब उभ्या राहिल्या. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांना जरा धीर आला. काचा आता यंत्रासारख्या दिसत नव्हत्या, पाटावर बसलेल्या सवाष्णींसारख्या दिसत होत्या.

तेवढ्यात दूध उतू गेलं. पूर्वेलाच गेलं, हे चांगलं झालं. पण त्याचा वास कुठवर गेला कुणास ठाऊक, कडुलिंबावरून माकडांची अख्खी टोळी आली आणि नैवेद्याची खीर मध्ये घेऊन काचांवर बसली. शालिकरामजी कपडे वाळत घालायची काठी घेऊन धावत वर आले. आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की काठी मारली तर काच फुटेल. मग ते काठी मागे धरून माकडांना हिंदीत समजावू लागले. इथली माकडं मराठी समजत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. "देखो, उतर जाओ. अच्छी बात नहीं है." एक मोठं माकड त्यांच्याकडे बघत खीर चाटत राहिलं. पलीकडे पंचफुलाबाई होत्याच. "मी सांगितलं होतं बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

माकडं खीर संपल्यावर स्वतःच्या मर्जीनं गेली. आणि नेमका त्याच वेळी भूपेंद्र नटबोल्ट तपासायला वर आला. काचा बघून त्याचं गुणगुणणं थांबलं.

"आंटी जी, ये क्या कर दिया आपने. काँच पे दाग रहेगा तो उतनी जगह गरम होगी, प्लेट जल जाएगी."

त्यानं बादलीत शॅम्पूचं पाणी केलं, फडकं पिळलं आणि पहिल्या काचेपासून सुरुवात केली. तेलाचं कुंकू सहज निघेना. आधी ते काचभर पसरलं, लालभडक, मग फिकं झालं, मग गेलं. तो पुढच्या काचेकडे वळला. त्याचं गुणगुणणं परत सुरू झालं होतं. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं, तो नेमून दिलेलं काम करत होता. कौशल्याबाई फटीत आडव्या उभ्या, हातात रिकामा तांब्या. सूर्याच्या दिवशी, सूर्याच्या समोर, ज्याच्याकडे कुंकू सांभाळायला ठेवलं त्याच्या देखत, एक परका माणूस एकामागून एक कुंकू पुसत चालला होता, आणि मालक शेजारी उभा राहून त्याला सांगत होता, "वो कोनेवाला रह गया, देखो."

त्या तांब्या घेऊन खाली गेल्या. अशा गोष्टी बोलायच्या नसतात. बोलल्या की खऱ्या होतात.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला नाही.

म्हणजे उगवला असेल, पण दिसला नाही. माघात भिलाईवर ढग येतात कधीकधी, पण हे ढग वेगळे होते. राखेच्या रंगाचे, हलायला तयार नसलेले. प्लांटच्या चिमण्यांचं वरचं टोकसुद्धा त्यांत बुडालं होतं. कौशल्याबाई तांब्या घेऊन फटीत उभ्या राहिल्या. पावसाळ्यात असे दिवस आले होते, नाही असं नाही. तेव्हा सूर्य दुपारी दिसे, एकदा तर बुडता बुडता दिसला होता. दिवसभर नाहीच दिसला तर दिवेलागणीनंतर दूध आणि केळ घ्यायचं, अशी सवलत त्यांनी व्रतात ठेवली होती. पण तेव्हा ढग पावसाचे होते. आत्ताचे ढग कशाचे आहेत हे त्यांना माहीत होतं. तो रुसला होता. आणि रुसलेल्याच्या दारात बसून केळ खात नाहीत.

तो दिवस गेला. दुसराही तसाच गेला. नुसत्या पाण्यावर. स्वयंपाक मात्र रोजच्यासारखा झाला, ताट रोजच्यासारखं वाढलं गेलं. शालिकरामजींना काही कळलं नाही, कारण ते स्वतः दुःखात होते. काचा लागल्या आणि ऊन गेलं, मीटरसाठी कार्यालयात खेटे चालू होते, आणि दोन्ही टेबलं आता तिसऱ्या टेबलाची वाट पाहत होती. ते जेवता जेवता आभाळाकडे बघून म्हणत, "साला, आमच्याच घरी यायले याले वेळ नाही." कौशल्याबाई मनातल्या मनात सूर्याची क्षमा मागत आणि त्यांना आणखी एक पोळी वाढत.

रात्री नवऱ्याचा श्वास ऐकू येतो की नाही, हे त्या पाहत. येत होता. पण रोजच्यासारखा येत होता का? शिंक आली तर त्या दचकत. ते जिना चढायला लागले की कौशल्याबाईंचा जीव पहिल्या पायरीशीच अडके. डोळ्यांसमोर ते फडकं येई.

तिसऱ्या सकाळी श्यामराव आले. कौशल्याबाईंनी चहा आणून ठेवला. कप बशीत वाजत होता. श्यामरावांनी कपाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि कप बाजूला सरकवला.

"मले आज चहा नको वहिनी."

शालिकरामजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. श्यामरावांनी या घरात चहा नाकारल्याची ही पहिली वेळ होती. एकदा ताप असताना फक्त चहा प्यायला ते भिलाई-३ हून आले होते.

"कावून गा? तब्येत बरी नाही का?"

"माही बरी हाय." कौशल्याबाई आत गेल्यावर श्यामराव खालच्या आवाजात म्हणाले, "शालिकभाऊ, फाटकापाशी त्या पंचफुलाबाई भेटल्या. वहिनीनं रथसप्तमीपासून काही खाल्लं नाही म्हनते ती. वहिनी भांडे घासते तं भिंतीवरून तिले दिसते ना, एकच ताट रायते. मी काही मानत नाही, तुले माहीत हाय. पन उपाशी बाईच्या हातचा चहा माह्या गळ्याखाली उतरत नाही."

शालिकरामजी आत आले. कौशल्याबाई ओट्याला धरून उभ्या होत्या.

"जेवली नाही तू?"

"सूर्य दिसला नाही."

"पन मग दूध, केळं?"

इतक्या हळू आवाजात, की शालिकरामजींना जवळ जावं लागलं, त्या म्हणाल्या, "त्यानं कुंकू पुसलं. तुमच्यासमोर पुसलं. अन् तुमी त्याले सांगून राहिले होते, कोपऱ्यातलं राहिलं म्हनून."

शालिकरामजींना पहिल्यांदा काही कळेना. मग सगळं एकदम कळलं. भट्टीपुढे कधी न लागलेली धग त्यांना कानापर्यंत लागली. बोलण्यासारखं होतं काय? कुंकू काचेवरचं होतं, तेलातलं होतं, तांत्रिक दोष होता, हे सगळं खरं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य त्या ओट्यापाशी उभं राहिलं नसतं. ते बाहेर जिन्याशी आले आणि पेटीसमोर उभे राहिले. लाल टॅग, त्यावर स्वतःचं नाव. काम पुरं झालेलं नाही. मीटर लागलेलं नाही. काढायचा नाही.

श्यामराव मागून म्हणाले, "काय पाहून राहिला?"

"टॅग कोनाचा हाय?"

"तुहाच हाय."

"मग ज्याचा त्यानं काढाचा."

गाठ सुटेना. त्यांनी दातांनी सोडवली. टॅग खिशात ठेवला. बाहेरच्या तारेचं बटण तसंच राहू दिलं, आणि फक्त काचांकडचं एक बटण, नोकरीभर भट्टीसमोर जसं श्वास धरून दाबत तसं, दाबलं.

पेटी आधी गप्प राहिली. मग आत कुठेतरी टिक झालं, एक लाल दिवा लागला आणि पेटीनं चीं केलं. कौशल्याबाई दारातच थिजल्या. "बंद करा, बंद करा, काही होईन तुमाले."

"काही होत नाही. बाहेरची तार नाही म्हनून बोंबलून राहिली. इकडे ये. हे पाह्य."

पेटीच्या छोट्या पडद्यावर आकडा आला होता. थोडा वर जाई, थोडा खाली येई, जिवंत असल्यासारखा.

"हे काय हाय?"

"हा तो हाय." शालिकरामजींनी छताकडे बोट केलं. "ढगामागं हाय. तुले दिसत नाही, मले दिसत नाही, काचेले दिसून राहिला. तो आला नसता तर ही पेटी मेल्यासारखी पडली असती. तो कोनावर रुसला नाही. रोज येऊन राहिला अन् आपल्या छतावर बसून राहिला."

कौशल्याबाईंनी आकड्याकडे पाहिलं. देवाचं तोंड असं आकड्यात असतं हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "तुमी मले खाऊ घालाले खोटं तर बोलत नाही ना?"

प्रश्न योग्य होता. शालिकरामजी पूर्वी असं खोटं बोललेले होते. ते आत गेले, पलंगावरची सतरंजी खांद्यावर टाकली आणि जिना चढायला लागले.

"तुमी वर नका जाऊ," कौशल्याबाई म्हणाल्या, पण इतक्या हळू, की ते पोचलेसुद्धा. श्यामराव पेटीपासून दोन पावलं मागे सरकले. हा साक्षीचा मामला आहे आणि साक्ष वहिनींनीच द्यायला हवी, हे त्यांना कळलं होतं.

वरून आवाज आला, "झाकली पहिली काच. आता सांग."

आकडा घसरला. कौशल्याबाईंनी पाहिलं. त्यांनी सांगितलं, "कमी झाला."

"काय?"

"कमी झाला."

"आयकू नाही येऊन राहिलं. सांग ना."

आणि मग, ज्या बाईनं बाळंतपणातसुद्धा आवाज चढवला नव्हता, त्या कौशल्याबाई जिन्याच्या तोंडाशी जाऊन सगळ्या नेहरू नगरला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "कमी झाला."

"आता काढली सतरंजी."

"वाढला."

"आता झाकली."

"गेला. कमी झाला."

"आता?"

"आला. आला हो, आला."

हे पाचसहा वेळा झालं. खरं तर दोनदाच पुरे होतं. पण कौशल्याबाई पुरे म्हणत नव्हत्या, आणि शालिकरामजी तिथे वर, ढगाळ आभाळाखाली, सतरंजी टाकत आणि काढत राहिले. पंचफुलाबाई भिंतीवर आल्या आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना सांगायला काही सुचलं नाही.

कौशल्याबाईंनी तांब्या भरला, लाल फुलं टाकली आणि वर गेल्या. फटीत आडव्या उभ्या राहिल्या. शालिकरामजींनी सांगाड्याला धरून पोट आत घेतलं, त्यांना सरळ उभं राहता यावं म्हणून. कौशल्याबाईंनी राखेच्या आभाळाकडे तोंड करून पाणी सोडलं. मग कुंकवाचा करंडा काढला. काचेला हात लावला नाही. काचेच्या कडेची जी ॲल्युमिनियमची पट्टी असते, तिच्यावर, एकेका काचेला एकेक टिकली लावत गेल्या.

"वो कोनेवाला," शालिकरामजी म्हणाले आणि थांबले. "ते कोपऱ्यातलं राहिलं पाह्य."

त्या कोपऱ्यातलीला त्यांनी दोन लावल्या.

खाली येऊन त्यांनी पोहे केले. श्यामरावांनी आधी त्यांना खायला लावले, मग स्वतः दोन कप चहा घेतला, राहिलेला हिशेब धरून. शालिकरामजींनी बटण बंद केलं आणि टॅग परत बांधला. मुदतीआधी टॅग काढल्याची ती एकच नोंद. ढग त्यानंतर आणखी दोन दिवस राहिले.

मीटर होळीनंतर लागलं. धोंडबांच्याच नावानं लागलं. टेबलांचं एकमत तिथवरच झालं होतं. मे महिन्यात ऊन पुन्हा चढलं, गेल्या वर्षीपेक्षा चढलं, आणि शालिकरामजी भर दुपारी एसीच्या गारव्यात झोपले. कौशल्याबाई त्यांच्या उशाशी बसून श्वास मोजत. भीती काही एकदम जात नाही.

आता श्रावण लागला आहे. आभाळ भरलेलं असतं. सकाळी कौशल्याबाई तांब्या घेऊन छतावर उभ्या राहतात आणि खाली वाकून जरा मोठ्यानं विचारतात, "आला का?"

खाली शालिकरामजी चष्मा कपाळावरून नाकावर ओढून पेटीशी नाक लावतात. "थांब." मग थोड्या वेळानं, "आला. बारीक हाय आज. पन आला."

भिंतीपलीकडून पंचफुलाबाईंनी एक दिवस न राहवून विचारलंच. "बाई, तुमच्या घरी एवढ्या सकाळी रोज कोन येते हो?"

कौशल्याबाईंनी तांब्या उपडा केला, पदर सावरला. "घरचाच हाय," त्या म्हणाल्या, आणि पोहे भिजवायला खाली गेल्या.